पाहुण्या वक्त्याचे भाषण आणि गावातला प्रकल्प यांची गाठ घालावी

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

जुलै महिना लागला की आपल्या वृत्तपत्राच्या स्थानिक पानांवर सेवाभावी क्लबांच्या पदग्रहण सोहळ्यांची छायाचित्रे रोज दिसू लागतात. रोटरी आणि लायन्स या दोन्ही संस्थांचे वर्ष १ जुलैला सुरू होत असल्यामुळे बेळगाव, निपाणी, चिकोडी, गोकाक, खानापूर अशा सर्वच ठिकाणी नवे अध्यक्ष एकाच सुमारास सूत्रे हाती घेतात आणि वर्षभरात काय करणार याची यादी जाहीर करतात. नेत्रतपासणी, रक्तदान, वृक्षारोपण, शाळांना पाणी शुद्ध करण्याची यंत्रे आणि दर सभेला एक नामवंत पाहुणा वक्ता, असे त्या यादीचे स्वरूप साधारणपणे ठरून गेलेले आहे. खानापूर तालुक्यातील सरकारी मराठी शाळांत नोकरी करून निवृत्त झालेला आणि आता गावच्या वाचनालयाचे काम पाहणारा मी एक शिक्षक असल्यामुळे या क्लबांची मदत घेणाऱ्यांच्या रांगेत मी उभा राहिलो आहे, आणि त्यांच्या सभांना निमंत्रित म्हणूनही बसलो आहे. या दोन्ही जागांवरून पाहताना एक गोष्ट मला सतत खटकत आली. क्लबच्या सभेतील व्याख्यान आणि क्लबचा गावातील प्रकल्प ही दोन्ही कामे एकाच संस्थेची, एकाच पैशातून होणारी असूनही त्यांचा एकमेकांशी काहीही संबंध नसतो. हा संबंध जोडता येईल आणि त्यासाठी फारसा खर्चही येणार नाही, एवढेच सांगण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

प्रथम या संस्थांचे श्रेय त्यांना दिले पाहिजे. आमच्या भागात त्यांच्यावर टीका करण्याची एक सोपी रीत रूढ झाली आहे; श्रीमंतांचा फावल्या वेळचा उद्योग, असे म्हणून माणसे मोकळी होतात. ते मला मान्य नाही. बेळगावच्या के.एल.ई. रुग्णालयात रोटरीच्या साहाय्याने स्किन बँक उभी राहिली आहे. मरणोत्तर सहा तासांच्या आत घेतलेली त्वचा तेथे ग्लिसरॉलमध्ये कित्येक वर्षे टिकवता येते आणि भाजलेल्या रुग्णाला ती लावण्यासाठी रक्तगट जुळवावा लागत नाही. असे काम केवळ हौसेखातर होत नाही. रोटरीच्या अन्नोत्सवाला गर्दी करणारे बेळगावकर पोटभर खातात आणि त्यातून सेवाकार्यासाठी निधी उभा राहतो, हेही काही वाईट नाही. आणखी एक गोष्ट फारशी बोलली जात नाही. कोल्हापूर, बेळगाव आणि गोवा येथील रोटरी क्लब रोटरीच्या ३१७० क्रमांकाच्या एकाच प्रांतात (म्हणजे संघटनेच्या विभागात) येतात, एकाच प्रांतपालांच्या मार्गदर्शनाखाली काम करतात, आणि बेळगावच्या क्लबांत मराठी व कन्नड बोलणारी माणसे एका टेबलाशी बसून एकाच शिबिराचा हिशेब करतात. सीमाभागात असे चित्र फार ठिकाणी पाहायला मिळत नाही.

आता व्याख्यानांकडे वळतो. या क्लबांच्या इतिहासातच एका पाहुण्या वक्त्याच्या भाषणाचे असे उदाहरण आहे की, ते प्रत्येक नव्या अध्यक्षाने मुळातून वाचावे. १९२५ साली ३० जून रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या सीडर पॉइंट येथे लायन्सचे आंतरराष्ट्रीय अधिवेशन भरले होते. त्या वेळी ही संस्था स्थापन होऊन जेमतेम आठ वर्षे झाली होती, आणि नेमके कोणते काम आपले मानावे हे तिचे अजून पक्के ठरायचे होते. अधिवेशनात हेलन केलर यांना बोलण्यासाठी बोलावले होते. न दिसणाऱ्या, न ऐकू येणाऱ्या त्या बाईंनी आपल्या छोट्याशा भाषणात स्वतःच्या कर्तृत्वाची कथा लांबवली नाही. समोर बसलेल्या सभासदांकडे त्यांनी थेट मागणी केली की, अंधत्वाविरुद्धची लढाई तुम्ही आपली माना. सभासदांनी ती मानली. आज गावोगावी लायन्सच्या नावाने मोतीबिंदूची जी शिबिरे होतात, त्यांचे मूळ त्या भाषणात आहे. वक्तीने मागितले आणि ऐकणाऱ्यांनी पुढची शंभर वर्षे ते दिले. टाळ्या वाजवून आणि स्मृतिचिन्ह देऊन त्या दिवशी सभा संपवली असती, तर लायन्सचा इतिहास वेगळा झाला असता.

आपल्याकडील सभांत काय होते ते मी पाहिले आहे. शहरातील हॉटेलच्या सभागृहात घंटा वाजते, मागील सभेचा वृत्तांत होतो, वाढदिवसांच्या शुभेच्छा होतात, मग वीस-पंचवीस मिनिटे वक्ता बोलतो. बहुतेक वेळा तो इंग्रजीत बोलतो, कारण प्रसंग औपचारिक आहे असे त्याला वाटत असते. नंतर दोन प्रश्न, शाल, आभार, राष्ट्रगीत आणि भोजन. वक्ते अनेकदा खरोखरच मोठ्या योग्यतेचे असतात. हृदयरोगतज्ज्ञ, जलतज्ज्ञ, कृषी शास्त्रज्ञ, निवृत्त लष्करी अधिकारी, कायद्याचे प्राध्यापक अशी माणसे मानधनाची अपेक्षा न ठेवता येतात. आमच्या गावच्या वाचनालयाने त्यांना पत्र पाठवले, तर ते येतीलच असे नाही. क्लबच्या अध्यक्षांनी एक फोन केला की येतात. ही क्लबची खरी पुंजी आहे, आणि ती पंचवीस मिनिटांत खर्च होऊन जाते.

एक उदाहरण देतो. अशाच एका सभेत एका डॉक्टरांनी सर्पदंशावर बोलताना जे सांगितले, त्याइतके उपयोगाचे भाषण मी क्वचितच ऐकले असेल. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार विषारी सापांवर मिळून एकच लस उपलब्ध असते, त्यामुळे साप मारून पिशवीतून दवाखान्यात आणण्यात वेळ घालवू नये. दंशाच्या वर करकचून दोरी बांधू नये, ब्लेडने चिरा देऊ नये, चावलेला हात किंवा पाय मोडलेल्या हाडाप्रमाणे फळीला बांधून स्थिर ठेवावा आणि वेळ न दवडता रुग्णालय गाठावे, हे त्यांनी समजावून दिले. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो, दंशाची जागा धड दिसत नाही आणि दुखतही नाही; पहाटे पोटात कळ येते, पापण्या मिटू लागतात, आणि घरच्यांना वाटते अपचन झाले. घोणशीच्या विषाने रक्त गोठेनासे होते, म्हणून काचेच्या साध्या नळीत रक्त घेऊन वीस मिनिटांत ते गोठते की नाही हे पाहण्याची चाचणी तालुक्याच्या दवाखान्यातही करता येते. मच्छरदाणी नीट खोचून झोपणे हासुद्धा मण्यारीपासून बचावाचा उपाय आहे, हे मला त्या दिवशी कळले. कर्नाटक सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्पदंशाची नोंद कळवणे रुग्णालयांना बंधनकारक केले, त्यामागील कारणही त्यांनी सांगितले. सभागृहातील श्रोत्यांत व्यापारी होते, चार्टर्ड अकाउंटंट होते, बांधकाम व्यावसायिक होते. त्यांच्यापैकी कितीजण फरशी नसलेल्या घरात जमिनीवर झोपत असतील, याचा विचार माझ्या मनात आल्यावाचून राहिला नाही. आणि तेथून काही कोसांवर, कणकुंबी-जांबोटीच्या पट्ट्यात, भर पावसात रोप लावण चालू होती. पायात काही न घालता चिखलात उतरलेल्या बायकांपर्यंत यातले एक वाक्यही पोहोचणार नव्हते. गवाळी, कृष्णापूर, आमगाव यांसारख्या भीमगड अभयारण्याच्या परिसरातील गावांतून पावसाळ्यात रुग्णाला रस्त्यापर्यंत आणणे हेच मोठे काम असते. तेथे पहिल्या तासात काय करू नये हे ठाऊक असणे, याचे मोल हॉटेलातल्या श्रोत्याला कळणार नाही.

म्हणून माझी पहिली सूचना अशी की, क्लबने बोलावलेल्या वक्त्याची दुसरी सभा गावात ठेवावी. त्याच दिवशी सायंकाळी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी, विषय ज्यांच्या उपयोगाचा आहे त्यांच्यासमोर, त्यांच्या भाषेत, म्हणजे गाव असेल त्याप्रमाणे मराठीत किंवा कन्नडमध्ये. वक्त्याला ती भाषा येत नसेल तर शाळेतील एखादे शिक्षक प्रत्येक परिच्छेदानंतर सांगत जातील. श्रोते मिळणार नाहीत ही भीती व्यर्थ आहे. न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात सुरू केलेल्या वसंत व्याख्यानमालेपासून मराठी माणसाला भाषण ऐकण्याची सवय आहे, आणि ती केवळ शहरी सवय नाही. कडोली, उचगाव, येळ्ळूर, कुद्रेमानी, सांबरा या बेळगाव परिसरातील गावांनी स्वतःच्या बळावर साहित्य संमेलने भरवली. तेथे शेतातले काम आटोपून आलेली माणसे मांडवात बसून ऐकतात, आणि वक्ता घसरला तर तसे त्याच्या तोंडावर सांगतात. बेळगावात बॅ. नाथ पै यांच्या नावाने व्याख्याने होतात, त्यांनाही लोक येतात. ऐकणारे आहेत, जागा आहेत, ध्वनिक्षेपकही बहुतेक मंडळांकडे आहेत. नाही तो वक्ता, आणि वक्ता क्लबकडे आहे.

दुसरी गोष्ट प्रकल्पांची, आणि ती अधिक नाजूक आहे. अध्यक्षपद एका वर्षाचे असल्यामुळे प्रत्येक अध्यक्षाला आपल्या नावाचा नवा प्रकल्प हवा असतो. त्यात गैर काही नाही, माणसाचा स्वभावच तो. पण मागील वर्षीचा प्रकल्प त्यामुळे पोरका होतो. शाळांना दिलेल्या पाणी शुद्ध करण्याच्या यंत्रांची अवस्था पाहिली की हे ध्यानात येते. मी काम केलेल्या एका शाळेला असे एक आर.ओ. यंत्र, म्हणजे पाण्यातील क्षारही काढून टाकणारे यंत्र, मिळाले होते. उद्घाटन झाले, मुलांनी रांगेत उभे राहून पाणी प्यायले, छायाचित्र छापून आले. वर्षभरातच गाळण भरली, बदलायची कोणी हे ठरलेले नव्हते, शाळा सुधारणा समितीकडे त्यासाठी पैसे नव्हते, आणि ज्यांनी यंत्र दिले त्यांचे पदाधिकारी बदलले होते. पुढे त्या यंत्रावर खडूच्या पेट्या ठेवण्याची सोय झाली. पण याहून मूळचा दोष वेगळाच होता. खानापूरच्या पश्चिम भागात पाऊस भरपूर, जमीन जांभ्याची, त्यामुळे पाण्यात क्षार मुळातच कमी. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात विरघळलेल्या क्षारांची इष्ट मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे. आमच्या भागातील विहिरींचे पाणी तिच्या जवळपासही जात नाही. अशा पाण्याला आर.ओ. लागत नाही. उलट ते यंत्र एक लिटर पाणी देताना दोन-तीन लिटर वाया घालवते. आमच्याकडे प्रश्न जंतूंचा आणि पावसाळ्यातील गढूळपणाचा आहे; त्यासाठी चांगली गाळण आणि अतिनील किरणांचा दिवा पुरतो किंवा टाकीत वेळेवर क्लोरीन टाकले तरी भागते. आर.ओ.ची गरज असलीच तर पूर्वेकडच्या खारट पाण्याच्या गावांना असेल. विरघळलेले क्षार मोजणाऱ्या काही शे रुपयांच्या साध्या टी.डी.एस. मापकाने हे आधी मोजता आले असते. क्लबने वर्षभरात एखादा जलतज्ज्ञ वक्ता म्हणून बोलावलाच असेल; यंत्र विकत घेण्याआधी त्याला एकदा शाळेच्या विहिरीवर नेले असते, तर भाषण आणि प्रकल्प दोन्ही सार्थकी लागले असते.

वास्तविक ही शिस्त या संस्थांना अपरिचित नाही. रोटरी फाउंडेशनच्या मोठ्या, म्हणजे किमान ३० हजार डॉलर खर्चाच्या ग्लोबल ग्रँट प्रकल्पासाठी गावाची गरज आधी तपासून ती लेखी मांडावी लागते, आणि निधी संपल्यावर काम कसे चालू राहील हेही सांगावे लागते. परदेशातून येणाऱ्या पैशाला जो नियम लागतो, तोच स्थानिक देणगीतून होणाऱ्या लहान प्रकल्पाला का लागू नये?

चिकाटीचे उदाहरणही रोटरीनेच घालून दिले आहे. पोलिओ निर्मूलनाचा संकल्प तिने १९८५ साली केला. भारतात पल्स पोलिओ मोहीम १९९५ मध्ये सुरू झाली, देशातील शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमधील हावडा जिल्ह्यात आढळला, आणि २७ मार्च २०१४ रोजी आपल्या देशासह जागतिक आरोग्य संघटनेचा संपूर्ण आग्नेय आशिया विभाग पोलिओमुक्त घोषित झाला. या काळात किती अध्यक्ष आले आणि गेले असतील! एकानेही असे म्हटले नाही की, पोलिओ हा माझ्या आधीच्या अध्यक्षाचा विषय होता, मी दुसरा घेतो. आशा कार्यकर्त्या आणि अंगणवाडी सेविकांनी घराघरांच्या दारावर खडूने खुणा करून, सुटलेले मूल पुन्हा शोधून, बोटाला शाई लावून ते काम तडीस नेले, आणि क्लब त्यांच्या पाठीशी उभे राहिले. सुटलेले घर पुन्हा गाठायचे, ही त्या मोहिमेची पद्धत आमच्या नेत्रशिबिरांनी उचलली तरी पुष्कळ होईल. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या दिवशी, आठवड्याने आणि महिन्या-दीड महिन्याने तपासणी करायची असते, थेंब काही आठवडे घालायचे असतात, आणि चष्म्याचा नंबर त्यानंतर काढायचा असतो. शिबिराच्या बातमीत शस्त्रक्रियांची संख्या येते. चष्मा किती जणांच्या नाकावर बसला, हे कधी छापून आल्याचे मला आठवत नाही.

शिबिराचा दिवस निवडतानाही गाव विचारात घेतले पाहिजे. निपाणीतील विडी वळणाऱ्या बायकांना मजुरी हजार विड्यांवर मिळते. त्यांना कामाच्या दिवशी सकाळी दहा वाजता शिबिराला बोलावणे म्हणजे अर्ध्या दिवसाची मजुरी मागणे होय. तंबाखूच्या धुळीत आणि मान खाली घालून बारीक कामात आयुष्य घालवणाऱ्या या बायकांच्या डोळ्यांची आणि फुप्फुसांची तपासणी इतर कोणाहीपेक्षा आधी व्हायला हवी, पण ती त्यांच्या सोयीच्या वेळी. रक्तदानाचेही तसेच. स्वातंत्र्यदिन, गांधी जयंती अशा मुहूर्तांवर सगळ्या क्लबांची शिबिरे एकाच आठवड्यात होतात. रक्त सुमारे ३५ दिवस टिकते, प्लेटलेट्स तर पाचच दिवस. आणि ज्याने ऑगस्टमध्ये रक्त दिले, त्याला पुढचे तीन महिने, स्त्री असेल तर चार महिने, देता येत नाही. महाविद्यालये बंद असतात त्या एप्रिल-मे महिन्यांत रक्तपेढ्यांना चणचण भासते, तेव्हा मात्र शिबिरे तुरळक असतात. क्लबांनी आपसांत बसून वर्षाचे महिने वाटून घेतले तर हे सुटेल. वृक्षारोपणाविषयी फार लिहीत नाही. खानापूर तालुक्यात जंगलाच्या कडेला येऊन शहरातील मंडळी रोपे लावतात तेव्हा आम्ही त्यांना चहा देतो. रोपे बेळगावच्या रस्त्यांना जास्त हवी आहेत, एवढे नम्रपणे सुचवतो.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा फुगल्या आणि चिकोडी, निपाणी, अथणी, रायबाग भागांत हाहाकार उडाला, तेव्हा सर्व क्लब धावून गेले, हे कोणी विसरणार नाही. पण त्या धावपळीत रस्त्यालगतच्या गावांत ब्लँकेट आणि बिस्किटांचे ढीग साचले आणि आतल्या वस्त्यांना विहिरींचा उपसा करणारा पंपसुद्धा वेळेवर मिळाला नाही, अशी तक्रार तेव्हा ऐकू येत होती. संकटात सापडलेल्या गावांची वाटणी कोणी करायची, हे पूर येण्याआधी ठरवण्याची बैठक पदग्रहणाच्या आठवड्यात सहज घेता येते; सगळे पदाधिकारी त्या दिवसांत एकमेकांच्या सोहळ्याला जातच असतात.

नव्या अध्यक्षांना माझी विनंती अशी की, प्रकल्प मंजूर करताना मावळते अध्यक्ष आणि पुढील वर्षीचे नियोजित अध्यक्ष यांचीही सही घ्यावी, म्हणजे निदान तीन वर्षे त्याला कोणी तरी वाली राहील. यंत्र देताना तीन वर्षांच्या देखभालीची रक्कम बाजूला काढून शाळेच्या किंवा पंचायतीच्या खात्यावर ठेवावी. त्यासाठी यंत्रांची संख्या निम्मी करावी लागली तरी हरकत नाही. फलकावर देणगीदारांच्या नावांखाली, बिघाड झाल्यास कोणत्या क्रमांकावर फोन करायचा, ही एक ओळ असावी. देखभालीची पाहणी शाळांमधील इंटरॅक्ट आणि महाविद्यालयांतील रोटरॅक्ट या रोटरीच्याच युवा क्लबांतील मुलांकडे सोपवता येईल. वहीत तारीख घालून, यंत्र चालू की बंद, एवढे लिहून आणणे हे त्यांच्या वयाला झेपेल असे आणि खूप काही शिकवणारे काम आहे. ते वर्षातून दोनदा केले तरी क्लबच्या वार्षिक अहवालातील आकड्यांना वेगळे वजन येईल.

आपल्यालाही एक विनंती आहे. उद्घाटनाची छायाचित्रे आपण उदारपणे छापता. त्याच यंत्राचे, त्याच शौचालयाचे, त्याच बागेचे दुसरे छायाचित्र एका वर्षाने छापण्याचा प्रघात आपण सुरू करावा; वार्ताहर पाठवणे शक्य नसेल तर मुख्याध्यापक किंवा ग्रंथपाल ते पाठवतील, आणि मी आमच्या गावापुरती ती जबाबदारी घ्यायला तयार आहे. त्याचबरोबर, पुढील महिन्यात कोणत्या क्लबमध्ये कोण, कोणत्या विषयावर बोलणार आहे, याची माहिती क्लबांकडून मागवून आपण आगाऊ प्रसिद्ध केली, तर आमच्यासारख्या वाचनालयांना वक्त्याला दुसऱ्या सभेचे निमंत्रण वेळेवर देता येईल. प्रवासाची सोय क्लबने करावी. बैठक, श्रोते आणि चहा आमच्याकडे लागला.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शिक्षक,
तालुका खानापूर, जिल्हा बेळगाव